गाळा माझा, जिना कोणाचा? मॉलच्या भवितव्याचे साधे गणित

पुण्याच्या नगर रस्त्यावर २०११ च्या सुमारास दोन मोठे मॉल पाठोपाठ सुरू झाले. त्यांतला विमाननगरचा फिनिक्स मार्केटसिटी शनिवारी संध्याकाळी आजही इतका भरतो, की गाडी लावायला जागा शोधण्यातच वीस मिनिटे जातात. तेथून जेमतेम एक-दोन किलोमीटरवर असलेला इनऑर्बिट मात्र काही वर्षांतच बंद झाला आणि त्या इमारतीत कार्यालये आली. दोघांचा रस्ता एकच, आसपासच्या आयटी कंपन्यांतले गिऱ्हाईक एकच, आणि त्या गिऱ्हाइकाच्या खिशातल्या मोबाइलमधील खरेदीची ॲपही तीच. त्यामुळे ‘ऑनलाइनने मॉल मारले’ हे जे वाक्य आपण सर्रास ऐकतो, त्याने या दोन इमारतींमधला फरक काही उलगडत नाही. तो उलगडण्यासाठी मॉलचा धंदा मुळात कशावर चालतो, हे पाहावे लागते.

पहिली गोष्ट अशी, की मॉल हे दुकान नाही. मॉलचा मालक कपडे विकत नाही, बूट विकत नाही आणि पिझ्झाही विकत नाही. तो घरमालक आहे आणि दुकानदार हे त्याचे भाडेकरू आहेत. मात्र हा घरमालक चार भिंतींबरोबर गर्दीही भाड्याने देत असतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराला गर्दी फुकट मिळते, कारण ती रस्त्याची असते. मॉलमध्ये ती कोणीतरी मुद्दाम जमवलेली असते: थंड हवा, स्वच्छ प्रसाधनगृहे, सरकते जिने, सुरक्षारक्षक आणि दिवाळीत छतापासून खाली सोडलेले प्रचंड आकाशकंदील, या सगळ्याचा खर्च करून ती आत आणावी लागते. हा खर्च भाड्यातून आणि देखभालीच्या आकारणीतून वसूल होतो.

डिपार्टमेंट स्टोअरची जात वेगळी. ते एकच मोठे दुकान असते, एकाच मालकाचे, त्यात कपडे, घड्याळे, अत्तरे, भांडी, चपला असे निरनिराळे विभाग असतात आणि बहुधा एकाच बिलात सगळे चुकते करता येते. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको याने १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ या दुकानाला जे रूप दिले, ते या प्रकाराचे मूळ मानले जाते. वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, काही न घेता नुसते हिंडले तरी कोणी हटकणार नाही, आणि पसंत न पडल्यास माल परत. आज या चारही गोष्टी इतक्या साध्या वाटतात, की त्या कोणाला तरी पहिल्यांदा सुचाव्या लागल्या असतील हेच लक्षात येत नाही. (‘फिक्स रेट’ची पाटी पुण्याने फार मनापासून स्वीकारली, न घेता नुसते हिंडण्याची मुभा मात्र सगळ्याच दुकानांनी स्वीकारली, असे म्हणवत नाही.) भारतात या प्रकाराची आधुनिक आवृत्ती १९९१ मध्ये मुंबईच्या अंधेरीत शॉपर्स स्टॉपच्या रूपाने आली. मॉल त्यानंतर आले. मुंबईत हाजीअलीजवळचा क्रॉसरोड्स १९९९ मध्ये उघडला तेव्हा नुसती बघ्यांचीच गर्दी इतकी लोटली, की सुरुवातीच्या काळात आत जाण्यासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे. गर्दी कमी करण्यासाठी मॉलला उपाय करावे लागत होते, असाही एक काळ होता. पुढे तो मॉल टिकला नाही.

आता भाड्याचे गणित पाहू. हे आकडे कोणत्याही विशिष्ट मॉलचे नाहीत. हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. समजा, एका तयार कपड्यांच्या दुकानदाराने मॉलमध्ये ५०० चौरस फूट कार्पेटचा, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरता येईल एवढ्या जागेचा, गाळा घेतला. मॉलमधील रुंद मार्ग, जिने, लिफ्ट, प्रसाधनगृहे यांचा वाटा त्याच्या जागेवर चढवला जातो. त्याला व्यवहारात लोडिंग म्हणतात. ते ६० टक्के धरले, तर भाडे ८०० चौरस फुटांवर लागते. दर चौरस फुटाला महिना २०० रुपये धरल्यास भाडे झाले १ लाख ६० हजार. शिवाय वीज, वातानुकूलन, झाडलोट, सुरक्षा यांसाठी ३० रुपये दराने देखभालखर्च, म्हणजे आणखी २४ हजार. करारात बहुधा आणखी एक कलम असते: ठरलेले किमान भाडे किंवा विक्रीच्या अमुक टक्के, यांतील जी रक्कम जास्त असेल ती द्यायची. हा हिस्सा १२ टक्के असेल आणि महिन्याची विक्री १० लाखांची असेल, तर हिस्सा १ लाख २० हजार भरतो, म्हणून किमान भाडेच लागू होते. दिवाळीच्या महिन्यात विक्री २० लाखांवर गेली, तर हिस्सा २ लाख ४० हजार होतो आणि तेवढे द्यावे लागतात. म्हणजे चांगल्या दिवसांत मालक भागीदार असतो आणि वाईट दिवसांत तो घरमालक असतो. याच कारणाने पुष्कळ मॉलमध्ये दुकानातले बिलिंगचे यंत्र मॉलच्या संगणकाशी जोडलेले असते.

हाच हिशेब पुढे नेऊ. दहा लाखांच्या विक्रीवर मालाची खरेदी वजा जाता ४० टक्के सुटतात असे धरले, तर हातात येतात ४ लाख. त्यातून भाडे आणि देखभाल १ लाख ८४ हजार, चार माणसांचे पगार ७२ हजार, आणि दुकान सजवायला घातलेल्या १५ लाखांचा पाच वर्षांत विभागलेला महिन्याचा वाटा २५ हजार. उरतात १ लाख १९ हजार. त्यातून गाळ्याचे वीजबिल, कार्डाचे शुल्क, न खपलेला माल, व्याज आणि शेवटी मालकाचे स्वतःचे घर. आता समजा, विक्री १० लाखांवरून ८ लाखांवर आली. सुटणारी रक्कम ३ लाख २० हजार होते, पण बाकीचे तिन्ही खर्च जागचे हलत नाहीत, आणि शेवटी उरतात अवघे ३९ हजार. विक्री घटली पाचव्या हिश्शाने, पण शिल्लक दोन-तृतीयांशाने गेली. ऑनलाइन खरेदीबद्दल जे म्हणायचे ते इथे म्हणता येते. दुकान बंद पाडायला तिला सगळे गिऱ्हाईक न्यावे लागत नाही. पाचातले एक नेले तरी पुरते. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झाले, ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली, आणि तेव्हापासून तो पाचवा माणूस हळूहळू दुकानात नुसता माप घालून पाहायला येऊ लागला.

मालकाला हे ठाऊक असते, म्हणून त्याची सारी कसरत माणसाला जास्तीत जास्त दुकानांवरून चालवत नेण्याची असते. चित्रपटगृहे आणि फूड कोर्ट सर्वांत वरच्या मजल्यावर का असतात? कारण सिनेमाला आलेला माणूस जाता-येता प्रत्येक मजल्यावरून जातो. किराण्याचे मोठे दुकान तळघरात किंवा तळमजल्याच्या टोकाला का? कारण किराणा घ्यायला माणूस कसाही येणारच. वर जाणारा आणि खाली येणारा सरकता जिना पुष्कळदा शेजारी-शेजारी नसतो, याचेही कारण तेच. पुढच्या मजल्याचा जिना गाठण्यासाठी अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते, आणि प्रदक्षिणेत दुकाने लागतात. नऊवारीतल्या एखाद्या आजी पहिल्या पायरीशी थबकतात, मागे रांग साचते, मग रक्षक हात पुढे करतो आणि “या आजी, बघू नका खाली” असे म्हणत त्यांना वर पोचवतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. आजी वर जाऊन एक आइस्क्रीम खातात, नातवंडे खेळण्याच्या जागी अडीचशे-तीनशे रुपये घालवतात, आणि कपड्यांच्या मजल्यावर कुटुंबातले कोणी फिरकतही नाही. मॉल भरलेला दिसणे आणि मॉलमधले दुकान चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पार्किंगमध्ये अडकलेल्या माणसाला सांगून पटत नाही.

ज्या मोठ्या दुकानाच्या नावावर गर्दी येते त्याला या धंद्यात अँकर म्हणतात. डिपार्टमेंट स्टोअर, किराण्याचे महादुकान आणि मल्टिप्लेक्स हे नेहमीचे अँकर. त्यांना भाडे पुष्कळ कमी लागते, कारण ते लहान दुकानांसाठी गिऱ्हाईक ओढून आणतात. लहान दुकाने चढे भाडे भरून त्याची भरपाई करतात. अमेरिकेत मॉल कोसळले ते याच सांध्यावर. तिथे मुळात माणशी सुमारे २३ चौरस फूट दुकानजागा बांधून झाली होती. भारतात ती माणशी एक चौरस फूटही भरत नाही. अनेक मॉलचे अँकर तीच चार-दोन डिपार्टमेंट स्टोअर होती. सिअर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, जेसी पेनीने मे २०२० मध्ये, आणि मेसीजने २०२४ मध्ये सुमारे १५० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. तिकडच्या पुष्कळ करारांत असे कलम असते, की अँकर गेला तर लहान दुकानांना भाडे कमी करून मागता येते किंवा करार मोडून जाता येते. त्यामुळे एका टोकाचे मोठे दुकान बंद झाले, की काही महिन्यांत मधली ओळ रिकामी होऊ लागते, आणि रिकामी ओळ पाहून आणखी गिऱ्हाईक तुटते. इंग्लंडमध्ये १७७८ पासून चालत आलेल्या डेबनम्सची शेवटची दुकाने २०२१ मध्ये बंद झाली.

भारतात याची लहान आवृत्ती आपण पाहिली. फ्युचर समूहाचे बिग बझार आणि सेंट्रल हे अनेक शहरांत मॉलचे आणि रस्त्यांचेही आधारखांब होते. पुण्यात ‘सेंट्रलला भेटू’ हा पत्ता होता. समूह कर्जात बुडाला, भाडी थकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने त्यांच्या कित्येक दुकानांचा ताबा घेतला. जुलै २०२२ मध्ये फ्युचर रिटेलविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्या दुकानांच्या जागी रिलायन्सच्या नव्या पाट्या लागल्या म्हणून मॉलमालक वाचले. घ्यायला दुसरे कोणी नसते, तर कित्येक मॉलच्या तळघरात अंधार झाला असता.

डिपार्टमेंट स्टोअर हे मॉलपेक्षा जास्त अडचणीत आहे, असे माझे मत आहे. ‘एका छताखाली सगळे’ हे त्याचे एकमेव भांडवल होते. मॉल आल्यावर छत मॉलचे झाले, आणि मोबाइल आल्यावर ‘सगळे’ मोबाइलमध्ये गेले. ज्या ब्रँडचे कपडे स्टोअरच्या दुसऱ्या मजल्यावर टांगलेले असतात, त्याच ब्रँडचे स्वतःचे दुकान त्याच मॉलमध्ये पन्नास पावलांवर असते. खालच्या बाजूने टाटांच्या ट्रेंट कंपनीच्या झुडिओसारख्या दुकानांनी हजार रुपयांच्या आतच सगळे कपडे देऊन मधला गिऱ्हाईक ओढला. झुडिओची दुकाने वाढत गेली, आणि २०२३ मध्ये शॉपर्स स्टॉपलाही इंट्यून नावाने तसलीच स्वस्त दुकाने काढावी लागली. पहिल्या पिढीच्या डिपार्टमेंट स्टोअरने असे करणे, हा बाजार कुठे सरकला याचा त्यांनीच दिलेला कबुलीजबाब आहे. सुगंधी द्रव्ये, प्रसाधने आणि घड्याळे, म्हणजे हाताला लावून, हुंगून, मनगटावर चढवून पाहायच्या वस्तू, हा विभाग मात्र अजून तग धरून आहे, आणि अशा स्टोअरमध्ये शिरताच तोच आधी लागतो.

आता पुण्याच्या त्या मॉलकडे वळू, ज्यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या मॉलना भुताटकीचे मॉल असे म्हटले, आणि २०२३ मध्ये देशाच्या आठ मोठ्या शहरांत असे ६४ मॉल मोजले. आदल्या वर्षी ते ५७ होते. त्याच काळात मोठे मॉल मात्र भाडेकरूंच्या प्रतीक्षायाद्या सांभाळत होते. वाकडला फिनिक्सचा मॉल ऑफ द मिलेनियम सप्टेंबर २०२३ मध्ये उघडला. मे २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्टचा आयपीओ आला. मॉलच्या भाड्यात सामान्य गुंतवणूकदाराला वाटा देणारा हा देशातला पहिला विश्वस्तनिधी, आणि औंधचा वेस्टएंड मॉल त्याच्याच ताब्यात आहे. एकाच वर्षात, एकाच देशात, मॉल ओसही पडत होते आणि मॉलच्या भाड्यातले वाटे बाजारात खपतही होते. या विरोधाभासाचे मोठे कारण मालकीच्या कागदात आहे.

मोठे मॉल गाळे विकत नाहीत. ते भाड्याने देतात, आणि मालकी एकाच हातात ठेवतात. याउलट २००४ ते २००८ च्या तेजीत पुष्कळ बिल्डरांनी मॉल बांधता-बांधताच गाळे सुटे-सुटे विकले, कारण त्यांना बांधकामाला पैसा हवा होता आणि घेणाऱ्यांना भाड्याचे स्वप्न. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी २००६ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या अशाच एका मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर १८० चौरस फुटांचा गाळा घेतला. नोकरीत होते, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, पहिली तीन वर्षे ठरलेले भाडे मिळेल असे बिल्डरने लिहून दिले होते आणि ते मिळालेही. चौथ्या वर्षापासून भाडेकरू स्वतः शोधायचा होता.

गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर मी तो गाळा पाहायला गेले. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेल्या गाळ्यांत एका बँकेचे एटीएम, मोबाइल दुरुस्ती आणि औषधांचे दुकान होते. त्यांना मॉलची गरजच नव्हती, ती रस्त्यावर चालत होती. आत शिरल्यावर उजेड निम्म्यावर आला. सरकता जिना बंद होता, आणि बंद सरकत्या जिन्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात हे चढताना गुडघ्यांना कळते. पहिल्या मजल्यावर एका ओळीत नऊ शटर खाली होती, दहाव्यात शिलाईकाम चालू होते, आणि पलीकडच्या कोपऱ्यात आठवी ते दहावीच्या क्लासचा फलक. काकांनी आपल्या शटरवरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाले, “अगं, गाळा माझा आहे, शटर माझं आहे, मालमत्ता करही मीच भरतो. पण गिऱ्हाईक ज्या जिन्याने यायचं, तो जिना कोणाचा ते अजून ठरत नाहीये.”

काकांची ही तक्रार शब्दशः खरी आहे. दोन-अडीचशे गाळ्यांना तितकेच मालक. त्यांतले काही परदेशात, काही वारले आणि वारसांची नोंद राहिली, काहींना गाळा आहे याचीही फारशी आठवण नाही. कोणता गाळा कोणाला द्यायचा हे प्रत्येक जण आपापल्या भाड्याकडे पाहून ठरवतो, म्हणून लहान मुलांच्या कपड्यांशेजारी गाड्यांचे सुटे भाग येतात आणि दोघांचेही गिऱ्हाईक दुसऱ्याच्या कामाचे नसते. देखभालीची वर्गणी तळमजल्याचे लोक देत नाहीत, कारण त्यांना जिना लागत नाही. वरचे देत नाहीत, कारण भाडे येत नाही. वर्गणी नाही म्हणून वातानुकूलन बंद, ते बंद म्हणून माणसे नाहीत, माणसे नाहीत म्हणून भाडे नाही. जाहिरातीचा खर्च कोणी करावा, अँकर कोणी आणावा, त्याला स्वस्तात जागा द्यायची तर कोणाच्या गाळ्यांची? एकट्या मालकाचा मॉल ही सगळी उत्तरे एका बैठकीत देऊ शकतो. नगर रस्त्यावरचा तो मॉल कार्यालयांत बदलला गेला, येरवड्याचा घरसजावटीला वाहिलेला इशान्य पुढे क्रिएटिसिटी या नावाने नव्याने मांडला गेला, ते अशा निर्णयामुळेच. तो निर्णय बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न. सुट्या मालकीच्या मॉलमध्ये बंद करण्याचा निर्णयसुद्धा कोणाला घेता येत नाही. म्हणून ते बंदही होत नाहीत, चालतही नाहीत.

करोनाच्या काळात हा फरक उघडा पडला. महाराष्ट्रातले मॉल मार्च २०२० पासून बंद होते. ५ ऑगस्ट २०२० ला ते उघडले, पण चित्रपटगृहे आणि फूड कोर्टवर बंदी कायम होती. मोठ्या मॉलमालकांनी त्या महिन्यांत भाड्यात सवलती दिल्या, किमान भाडे बाजूला ठेवून विक्रीच्या हिश्शावर भागवले, कारण गाळा रिकामा ठेवण्यापेक्षा ते परवडत होते. सुट्या मालकीच्या ठिकाणी दोनशे मालकांशी दोनशे वाटाघाटी होणे शक्य नव्हते; भाडेकरू शटर ओढून निघून गेले.

टिकलेल्या मॉलचे रूपही पूर्वीचे राहिलेले नाही. कपड्यांची जागा कमी होऊन खाण्याची, खेळण्याची, दवाखान्यांची आणि व्यायामशाळांची वाढते आहे, कारण दाढदुखी आणि मिसळ या दोन गोष्टी घरपोच मागवून भागत नाही. (मिसळ मागवता येते हे मान्य, पण पाव लिबलिबीत होऊन येतो.) वरच्या बाजूला कार्यालये बांधण्याकडे कल आहे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार दुपारची गर्दी आपोआप मिळते. चित्रपटगृहांचा भरवसा मात्र कमी झाला आहे. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एक झाले आणि त्याच वर्षी तोट्यातले सुमारे ५० पडदे बंद करण्याचे त्यांनी ठरवले. किराणा दहा मिनिटांत घरी येऊ लागल्यापासून तळघरातल्या महादुकानाचेही तसेच झाले आहे, निदान मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या आसपास. डीमार्टची गोष्ट वेगळी, कारण ती कंपनी बहुतेक जागा विकत घेऊन स्वतःच्या इमारतीत दुकान चालवते. वर सांगितलेले भाड्याचे गणित तिला लागूच होत नाही.

या सगळ्यात पेठांचे काय झाले, हा प्रश्न पुणेकर विचारणारच. मॉल आले तेव्हा तुळशीबाग संपणार असे पुष्कळांना वाटले होते. तुळशीबाग संपली नाही, कारण तिचा आणि मॉलचा धंदा एक नव्हताच. तिथे गाळा सहा-आठ फुटांचा, वातानुकूलन नाही, सजावटीचा खर्च नाही, आणि माल छतापासून लोंबकळत ठेवलेला. मोत्यांचे कानातले, नथ, पोळपाट, देवघरातली घंटा, रांगोळीचे छाप या वस्तू शंभर-दीडशे रुपयांच्या आसपासच्या आणि हातात घेऊन पाहायच्या असतात. घरपोच पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीच्या बरोबरीला येतो, म्हणून ऑनलाइनवाल्यांनाही त्यात फारसे सुटत नाही. शिवाय माल महिन्या-महिन्याने बदलतो. श्रावणात एक, गौरी-गणपतीत दुसरा, संक्रांतीला हलव्याचे दागिने. मॉलमधल्या ब्रँडला असा फेरफार करायला मुख्यालयाची परवानगी लागते.

त्यात २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईचे स्थानक उघडले. पार्किंग नाही म्हणून पेठेत जाणे सोडलेली माणसे, पिंपरीकडची सुद्धा, आता जमिनीखालून थेट मंडईत उतरतात आणि पाच मिनिटांत तुळशीबागेत असतात. मॉलचा सारा हिशेब चारचाकी घेऊन येणाऱ्या कुटुंबावर बांधलेला होता: शहराबाहेरचा रस्ता, मोठे वाहनतळ, पुष्कळ जागा. अमेरिकेतही तो तसाच होता. मिनेसोटातल्या इडायना येथे १९५६ मध्ये पहिला पूर्ण बंदिस्त मॉल उभारणारा व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. मोटारींच्या शहराला चालायची, बसायची, भेटायची जागा मिळावी, असे त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात भोवती वाहनतळांचा समुद्र पसरला, आणि उतारवयात त्याने स्वतःच या मॉलशी आपले नाते नाकारले. पुण्यात मेट्रोची दुसरी मार्गिका नगर रस्त्याने रामवाडीपर्यंत गेली आहे, त्यामुळे विमाननगरच्या मॉललाही तिचा उपयोग आहेच. पण रामवाडीला उतरून मॉलपर्यंत पोचायला रिक्षा करावी लागते, आणि मंडईला करावी लागत नाही.

काकांच्या मॉलमध्ये गेल्या महिन्यात गाळेधारकांची सभा झाली. विषय तीन होते: सरकता जिना दुरुस्त करायचा की काढून टाकायचा, थकलेली वर्गणी कशी वसूल करायची, आणि एका रुग्णालयाने वरचे दोन मजले मिळून मागितले आहेत, त्याला काय कळवायचे. रुग्णालयाला सलग जागा हवी आहे, म्हणजे त्या दोन मजल्यांवरच्या प्रत्येक मालकाची सही लागणार. सभेला एकतीस जण आले. गणसंख्या नव्हती, म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवली, जिन्याचे दरपत्रक मागवायचे ठरले आणि रुग्णालयाच्या पत्राला उत्तर देण्यासाठी पाच जणांची समिती नेमली. काका त्या समितीत आहेत. त्यांच्याकडे वरच्या दोन मजल्यांच्या मालकांची यादी आली आहे, आणि सध्या ते रोज संध्याकाळी तीन-चार जणांना फोन करतात. त्यांतले दोन क्रमांक लागत नाहीत.